येतंय म्हणजे वजा एक

गोवा घटकराज्य झाल्यानंतरच्या त्या वर्षांत डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक छापखाना होता. एका मराठी दैनिकाची पानं तिथं लागत, आणि कोकणी राजभाषा झाल्यापासून कोकणीचे शालेय धडेही. दोन्ही भाषांचा वाद रस्त्यावर होता. आत दोघींची अक्षरं एकच होती. मालकांनी युनिक्सचं मशीन आणि पाच टर्मिनलं घेतली. पडद्यावर देवनागरी दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तयार मिळत होता, पण त्यात जोडाक्षरं तुटत. म्हणून तो इथंच लिहायचं ठरलं. लिहिणारे दोघे: मी, कोरगावची, आणि माझा सहकारी, बांद्याचा, डिचोलीत खोली घेऊन राहणारा.

ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बसतो. तिथली चूक एका माणसापुरती राहत नाही. सगळं मशीन बंद पडतं. मेमरी तुटपुंजी होती, त्यामुळे अक्षरांच्या आकारांचा तक्ता मेमरीत एकच ठेवला, सर्वांना सामाईक. त्याच्याजवळ एक आकडा असे: तक्ता सध्या किती जण वापरत आहेत. कोणी आलं की अधिक एक, गेलं की वजा एक. आकडा शून्य झाला की तक्ता काढून जागा मोकळी करायची. त्याआधी मुळीच नाही.

ही बेरीज-वजाबाकी करणारी दोन फंक्शनं मी लिहिली आणि त्यांना बोलीतली नावं दिली: इलंय आणि येतंय. इलंय म्हणजे आलेय. येतंय हे आमच्याकडे घरातून निघताना म्हणतात. 'जातंय' म्हणणं बरं दिसत नाही. नावं अगदी नेमकी आहेत असं मला वाटलं होतं.

चाचणी नीट पार पडली. कंपोझिंगच्या चौघी चार टर्मिनलांवर बसल्या, पाचव्यावर प्रुफं वाचणारे मास्तर एकदा बसून गेले. मास्तर हळर्णचे, शाळेतून निवृत्त झालेले. काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी मशीन पडलं. आधी चौघींच्या पडद्यांवर अक्षरांच्या जागी रेघोट्या आल्या, मग सगळं थांबलं. दुसऱ्या दिवशी तेच. दोन्ही वेळा मास्तर नुकतेच पाचव्या टर्मिनलवरून उठले होते.

"मास्तरांनू, तुमच्या हाताक वीज आसा काय?" चौघींतली एक म्हणाली.

"खडू धरलेलो हात गो बाय," मास्तर म्हणाले. "ताका वीज खंयची?"

पण ते दुखावले. त्यांनी टर्मिनलला हात लावायचं सोडलं आणि कागदावर प्रुफं मागू लागले. त्यानंतर मशीन पडलं नाही, आणि त्यांच्यावरचा संशय पक्का झाला. मालकांनी मशीन विकणाऱ्या कंपनीकडून बंगळूरचा इंजिनिअर बोलावला. तयार ड्रायव्हरची टेप तो बरोबर घेऊन आला होता. मालकांनी आम्हाला सांगितलं: आणखी एक दिवस बघू, नाहीतर ही टेप चढेल आणि तुमचं काम थांबेल. आमच्या आठ महिन्यांच्या कामाला एक दिवस उरला होता.

इंजिनिअरला मराठी येत नव्हती. त्याने आमचा कोड छापून घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत हिंदीत विचारू लागला.

"येतंय म्हणजे काय?"

"येते आहे," मी म्हटलं.

"म्हणजे अधिक एक."

"नाही, वजा एक. ते निघताना म्हणायचं."

"येते म्हणून निघतात?"

"होय."

मग प्रुफांच्या टर्मिनलसाठी सहकाऱ्याने लिहिलेल्या भागावर त्याने बोट नेलं. "मग उघडतानाही येतंय का आहे?"

सहकारी वाकून बघू लागला. "भायरसून हाक मारतत ना, येतंय म्हणान," तो मला म्हणाला. "तसा लिवलंय." आत शिरताना दारातून म्हणतात ते येतंय त्याच्या मनात होतं.

"आणि बंद करताना?" मी विचारलं.

"थंय पण येतंय. जातंय कशाक लिवू?"

मास्तर आले की आकडा एकने उतरत होता आणि गेले की आणखी एकने. चौघी कामावर असताना त्यांची दुसरी फेरी संपली की आकडा शून्यावर येई, आणि चौघींच्या हाताखालून तक्ता निघून जाई. चाचणीत मास्तर एकदाच आले होते, आणि चौघी उठण्याआधीच मशीन बंद केलं होतं. तो भाग मी दोनदा तपासला होता. दोन्ही ओळी कानाला बरोबर वाटल्या होत्या.

नावं बदलली: घे आणि सोड. दोन अर्थांना जागा ठेवली नाही. आकडा शून्य असताना कोणी वजा करू पाहिलं तर मशीनने तसं सांगावं, अशीही ओळ घातली.

दुसऱ्या दिवशी सहकारी मास्तरांकडे गेला. "चूक माजी होती, मास्तरांनू. आज तुमी होये तितक्या फेऱ्यो मारा."

मास्तर दिवसभर येत-जात राहिले. मशीनच्या मुख्य पडद्यावर आकडा चार, पाच, चार, पाच असा हलत होता. मालक आणि इंजिनिअर तो बघत उभे.

"मास्तर आज घराक जावचे नात," चौघींतली एक म्हणाली. या वेळी मास्तरही हसले.

काम संपवून चौघी एकेक करून उठल्या. आकडा एकवर आला. मास्तर कोकणी धड्याचं शेवटचं पान वाचत होते. तक्ता आता फक्त त्यांच्यासाठी मेमरीत होता, आणि पडद्यावरचं एकही अक्षर हललं नाही. त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली, टर्मिनल बंद केलं. आकडा शून्य झाला, तक्त्याची जागा मोकळी झाली, मशीन चालू राहिलं.

इंजिनिअरची टेप बॅगेतच राहिली. जाण्याआधी त्याने आमच्या ड्रायव्हरची छापील प्रत मागितली. दुसऱ्या भाषांच्या कामाला उपयोगी पडेल, म्हणाला. ती देताना मी पहिल्या पानावर, कुठे लिहिला या रकान्यात, डिचोली, गोवा असं लिहिलं आणि खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.