वाल सोलायला लावणारा सीनिअर

आमच्या मेडिकल कॉलेजात नव्या पोरांचा ताण हलका करायला प्रत्येकाला एक सीनिअर नेमून देतात. माझ्या वाट्याला शेणवे गावचा एक दादा आला. या सीनिअरांना म्हणे दीर्घ श्वासाचं ट्रेनिंग दिलं होतं. "श्वास तुमी घेताच रे, त्यात मी काय शिकवू?" असं म्हणून तो कॉटखालून घरच्या मोड आलेल्या वालांचं पातेलं काढायचा. "सोल. रडायचं तर रड, पण हात थांबवू नको."

ॲनाटॉमीत आपटलेले, घरची आठवण येणारे, सगळे त्याच्या खोलीत वाल सोलत बसायचे. कुणी हुंदका दिला की हा ओरडायचा, "दाणा मोडला बघ!" मग मेसच्या मावशी त्या वालांचं बिरडं करायच्या, आणि रडलेल्यांना पहिलं वाढायच्या. मी तर एकदा खोटंच रडलो.

परवा त्याचा स्वतःचा निकाल लागला. खोलीत गेलो तर हा एकटाच मान खाली घालून सोलत होता.

"मला काय झालेलं नाय," तो म्हणाला.

ताटात एकही दाणा अख्खा नव्हता.

मी समोर बसलो, पातेलं मधे ओढलं आणि म्हटलं, "दादा, रडायचं तर रडा, पण बिरड्याची वाट लावू नका."