भावजयीच्या नावाची हातोडी

आमच्या वन्सं म्हणजे दगडांच्या डॉक्टर. बोगदा खणायचा असो की रस्त्यासाठी डोंगर कापायचा असो, आधी वन्संनी जायचं, तिथला दगड फोडून तो पक्का की कच्चा ते सांगायचं आणि मगच बाकीच्यांनी यंत्रं आणायची, असा त्यांच्या ऑफिसचा शिरस्ता. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, म्हणून कोणी विचारलंच तर, "दिवसभर दगडांवर डोकं चालवते, घरी आणखी कोणावर चालवू?" हे ठरलेलं उत्तर. राहतात वरच्या मजल्यावर, जेवायला खाली येतात आणि जेवता जेवता आमच्या ओट्याच्या फरशीचं वय काढतात.

उंचीनं वन्सं माझ्या खांद्याला लागतात. त्याची भरपाई त्यांनी हातोड्यात केली होती. नोकरीला लागल्या तेव्हा भांडारातला कारकून म्हणाला होता, "मॅडमना झेपेल असं काहीतरी बघा रे." झालं! वन्संनी तिथला सगळ्यात जड हातोडा उचलला आणि पुढे पंचवीसेक वर्षं त्या कारकुनाला उत्तर देत राहिल्या. कारकून बिचारा कधीच निवृत्त होऊन गेला.

पन्नाशी उलटली आणि उजवं कोपर कुरकुरायला लागलं. वन्सं कबूल करतील तर शपथ! दाराची कडी डाव्या हातानं, बादली डाव्या हातानं, वेणीसुद्धा कशीबशी डाव्याच हातानं.

"वन्सं, डावखुऱ्या कधीपासून झालात?" मी विचारलं.

"मेंदूला व्यायाम असतो तो. तूही करत जा, तुला गरज आहे."

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मला कळू नये म्हणून त्या दुखण्याचं मलम दुसऱ्या दुकानातून आणत. पण वास कुठे लपतो? जिना उतरायच्या आधीच वन्सं येत असल्याची वर्दी मिळायची. शेवटी मी त्यांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "एक तर हलका हातोडा घ्या, नाहीतर हातोडा सोडा."

म्हणून आम्ही दोघी अवजारांच्या दुकानात गेलो. वन्सं मुकाट्यानं आल्या, मला वाटलं काम फत्ते. पण दुकानदारानं तोंड उघडलं. "ही हातोडी बघा ताई. अगदी फुलासारखी. लेडीज लोकांना बरी पडते."

"मला फुलं नकोत," वन्सं म्हणाल्या. आणि होता त्याहून जड हातोडा घेऊन बाहेर पडल्या. परतीच्या वाटेवर तो मी उचलला.

आता काय करावं? मी स्वतःच एक हलकी हातोडी आणली. लाकडी दांडा, लाल पॉलिश, मागे खिळा उपटायची छान दुभंगलेली शेपटी. वन्संच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या हसल्या की नवरा धावत आला.

"अगं, ही सुताराची! दगडावर मारलीस तर दगड राहील जागेवर आणि हिचाच टवका उडून डोळ्यात जाईल."

"मग कशी घ्यायची असते?"

हा प्रश्न मी खरंच अज्ञानातून विचारला होता. त्यातून पुढे काय होईल याची मला कल्पना नव्हती. वन्संच्या अंगात मास्तरीण संचारली. "चल, तुला शिकवते," म्हणत त्या चपला घालून तयार. त्याच दुकानात गेलो. दुकानदार दोन पावलं मागे सरकला.

"डोकं आणि दांडा एकाच पोलादाचा हवा, जोड नको," वन्सं मला सांगायला लागल्या. "मुठीला रबर हवं, नाहीतर हादरा सरळ कोपरात. एक तोंड चौकोनी, ते फोडायला. दुसरं बघ. टोकदार असेल तर कठीण दगडासाठी, चपटं पात्यासारखं असेल तर थराथराच्या दगडासाठी. आता दांड्याच्या शेवटाला धर आणि हात लांब कर. मनगट खाली पडतंय? मग ती तुझी नव्हे."

माझं मनगट तिसऱ्या हातोडीला पडलं नाही. ती चपट्या तोंडाची होती. वन्संनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतःचा हात लांब केला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यांचंही मनगट पडलं नाही.

"हं. तुला शोभेल," त्या म्हणाल्या. "आणि चष्मा घे, डोळ्यांना."

अशी ती हातोडी माझ्या नावावर घरात आली. मला दगडाचं काही घेणं नव्हतं हो! पण रविवारी वन्सं मला गावाबाहेरच्या ओढ्यावर घेऊन गेल्या, कारण "घेतलीस तर वापरायला नको?" काठाला राखी दगडाचे थर होते, वह्या रचून ठेवाव्यात तसे. मी चष्मा लावला, हातोडी गच्च धरली आणि दगडाच्या बरोबर पोटात हाणली. दगड ढिम्म. माझे दात मात्र वाजले.

"शत्रू आहे का तो तुझा? पोटात नाही मारायचं. कड बघ. आधीच कुठे भेग आहे ती शोध. मूठ सैल सोड, हातोडीचं वजन हातोडीला वाहू दे."

मी पुन्हा मारली, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा वन्संना राहवलं नाही. "दे इकडे!" त्या उकिडव्या बसल्या, बोटानं भेग चाचपली आणि तिच्या रेषेवरून चपट्या तोंडानं टक, टक, टक करत गेल्या. जोर कुठेच दिसेना. थर अलगद सुटला, पाटीएवढा, सरळ. वन्सं त्याच्याकडे बघत बसल्या. मग कोपर वाकवून पाहिलं, सरळ करून पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

सोमवारी हातोडी घरात नव्हती. "तुझीच तपासून बघते, कच्ची निघाली तर परत करता येईल," वन्सं म्हणाल्या. तपासणी महिनाभर चालली. ऑफिसात कोणी विचारलं की उत्तर एकच : "भावजयीची आहे." मोठे साहेबसुद्धा मला भेटल्यावर म्हणाले, "तुम्हालाही नाद आहे म्हणे दगडांचा!"

गंमत अशी की खरंच लागला होता. एका रविवारी मी ओढ्यावर जायला निघाले आणि हातोडी वन्संच्या बोगद्याच्या कामावरच राहिलेली.

"माझी हातोडी कुठाय?"

"तुझी कसली? आणून किती वेळा मारलीस?"

"तुम्ही मारू द्याल तेव्हा ना!"

नवरा पेपरमागून म्हणाला, "दगडावरून भांडणाऱ्या नणंदा-भावजया पहिल्यांदाच बघतोय." आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पेपर आणखी वर धरला.

दोन दिवसांनी वन्सं खाली आल्या. माझी हातोडी टेबलावर ठेवली आणि शेजारी तशीच दुसरी, कोरी करकरीत.

"ही कोणाची?"

"माझी."

"हलकी आहे हो, वन्सं."

"म्हणून तर घेतली," त्या म्हणाल्या आणि ताट ओढून बसल्या.

कोपर पूर्ण बरं झालं असं नाही. थंडीत अजून कुरकुरतं. पण वेणी उजव्या हातानं घालतात. आणि आता ऑफिसात जड हातोडा कोणाच्या हाती दिसला की वन्सं त्याला थांबवून सांगतात, "ताकद दाखवायची असेल तर आखाड्यात जा. दगडाला डोकं लागतं." जन्मापासून हेच मत असल्यासारखं ठणकावून सांगतात. मी ऐकते आणि मान डोलावते.