टॅन्सी रडत नाही

क्लिफर्ड रेस्ट्रिक आठवडाभर शाळेची बस चालवायचा. यॉर्कशरच्या डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर पाठीमागे पोरं एकमेकांच्या डोक्यात दप्तरं घालत असायची, पण या माणसाच्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. रविवारी मात्र गळ्यात शिट्टी, अंगात मेणकापडी कोट आणि डाव्या पायाशी काळी लॅब्राडोर टॅन्सी असली, की क्लिफर्डची छाती कोटात मावायची नाही.

शिकारी कुत्र्यांच्या क्लबात शिकार कमी आणि रांगेत बसणं जास्त. बंदुकीचा बार होतो, पक्ष्याऐवजी कापडाची भरीव डमी हवेत भिरकावली जाते, आणि सगळ्या कुत्र्यांनी ती पडताना नुसतं बघत बसायचं. परीक्षकानं ज्याचा नंबर पुकारला त्यानंच धावायचं आणि डमी मालकाच्या हातात आणून द्यायची. उठला तो बाद. कुंईकुंई केली तोही बाद, लगेच, अपील नाही.

आणि टॅन्सी दर वेळी याच कलमाखाली बाद व्हायची. बार झाला, डमी उडाली, की त्यांच्या बाजूनं आवाज यायचा, "उंईंऽऽ". झालं! चार हंगाम हेच. क्लबात तिचं नावच पडलं, रडकी टॅन्सी.

तेही क्लिफर्डनं गिळलं असतं. पण त्याला हवी होती टॅन्सीची पिल्लं, आणि तीही डग्लस थ्वेटच्या ब्रिगेडियरपासून. ब्रिगेडियर म्हणजे जिल्ह्यातला अव्वल कुत्रा. डग्लस त्याच्यापेक्षा ताठ.

"क्लिफ, गड्या, वाईट वाटून घेऊ नकोस," डग्लस नाकातून बोलायचा, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. "पण रडणं रक्तात उतरतं. माझ्या ब्रिगेडियरनं खानदानात रडारड आणायची? छे, छे, छे."

टॅन्सी आता सहा वर्षांची झाली होती. यंदा नाही जमलं तर पिल्लं विसराच.

भानगड उघडकीला आणली थेल्मानं, म्हणजे क्लिफर्डच्या बायकोनं. संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल, पेनल्टी लागलेली, टॅन्सी बाहेर आपल्या खोपटात. खेळाडू चेंडूकडे धावला आणि सोफ्यावरून आवाज आला, "उंईंऽऽ".

थेल्मानं विणकाम खाली ठेवलं. "क्लिफर्ड, हे काय होतं?"

"काय काय होतं? मांजर असेल."

"आपल्याकडे मांजर नाही."

"मग शेजाऱ्यांचं असेल!"

"अरे देवा," थेल्मा म्हणाली. "चार वर्षं. ती बिचारी मुकी, आणि रडतोयस तू!"

क्लिफर्डला पटेना. थेल्मानं खिडकी उघडून परसात एक बटाटा फेकला. बटाटा हवेत, आणि क्लिफर्ड, "उंईंऽऽ". स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा कुठे पटलं.

उपाय थेल्माचाच. कुत्र्यानं शिकार दातांनी चिरडू नये म्हणून क्लबातले लोक त्याला कच्चं अंडं न फोडता धरायला शिकवतात. थेल्मा म्हणाली, "कुत्र्याला जमतं, तुला का नाही?" शेजारच्या बुटक्या कोंबड्यांची लहान अंडी आणली आणि तालीम सुरू झाली. पहिल्या आठवड्यात क्लिफर्डनं इतकी फोडली की नाश्त्याला वेगळं काही करावं लागलं नाही. मग दात आवरायला शिकला. लोक तोंडात मूग धरून बसतात, क्लिफर्ड अंडं धरून बसू लागला.

वार्षिक स्पर्धेचा दिवस उजाडला. परीक्षक होत्या मिसेस पिकर्सगिल. चर्चमधला ऑर्गन वाजवणारी बाई, कान असा की पलीकडच्या शेतातली मेंढी बेसूर ओरडली तरी वळून बघेल.

रांग लागली. टोकाला डग्लस आणि ब्रिगेडियर, दोघांच्याही माना सारख्याच वर. मधोमध क्लिफर्ड, गालफुगीचा रोगी दिसत होता.

"बरं आहे ना, क्लिफ?" डग्लसनं विचारलं.

"म्म्."

बार झाला. डमी उडाली. क्लिफर्डच्या पोटातून ती कळ निघाली, छातीत आली, घशाशी आली, आणि अंड्यावर येऊन थांबली. शांतता!

टॅन्सीनं मान वळवून वर पाहिलं. दर वेळी बारापाठोपाठ येणारा तो ओळखीचा आवाज आज कुठे गेला? माणूस बरा आहे ना? आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं.

"हुंक्?"

"बारा नंबर, आवाज. बाद," मिसेस पिकर्सगिल म्हणाल्या.

क्लिफर्डनं अंडं काढून त्यांच्या हातात ठेवलं. अख्खं. "बाई, हा तिचा. मान्य! पण चार वर्षांचा तो दुसरा, तो माझा होता!"

"काय तुमचं होतं?"

"रडणं, बाई."

रांगेत खसखस पिकली. "आता मालकच भुंकतोय!" डग्लस म्हणाला.

मिसेस पिकर्सगिलनी अंड्याकडे पाहिलं, क्लिफर्डकडे पाहिलं. "वरच्या सुरातला होता, शेवटी जरा उतरणारा. मला आठवतोय. काढून दाखवा."

क्लिफर्डनं घसा खाकरला. "उं... उम्..." काही येईना. सांगून थोडंच येतं ते!

"डमी फेका हो!" थेल्मा कुंपणाबाहेरून ओरडली. "बार काढा आणि फेका! त्याशिवाय नाही यायचं त्याला!"

बार झाला. डमी आभाळात गेली. आणि कित्येक आठवडे कोंडलेला, अंड्याखाली दाबलेला सगळा ऐवज एकदम सुटला. "उंईंईंईंऽऽऽऽ!"

आधी एक लांबकान्या स्पॅनियल उठला. "उंईं!" मग त्याच्या शेजारचा. मग अख्खी रांग नाकं वर करून "उंईंऽऽ" करत डमीवर धावून गेली. सगळ्यांत पुढे ब्रिगेडियर, सगळ्यांत मोठ्यानं. मागे डग्लस ओरडत होता, "बस! ब्रिगेडियर, बस म्हणतो ना! मूर्खा!", आणि सगळी इस्त्री उतरली होती.

एकटी टॅन्सी जागेवर होती. माणूस पुन्हा रडू लागला, म्हणजे सगळं ठीक आहे. तिनं जांभई दिली आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकली.

मिसेस पिकर्सगिलनी निकाल दिला. "सगळे बाद. चषक यंदा कपाटातच राहील. बारा नंबरच्या कुत्रीच्या नावावर आजवर लागलेलं रडणं माणसाचं आहे, आणि माणसाबद्दल नियमात काहीही नाही. आजचा जो आवाज होता तो रडणं नव्हे. तो प्रश्न होता. बाद तो बादच, पण नोंद रडण्याची नाही."

माणसं आपापली कुत्री शोधायला पांगली. डग्लस चिखलानं माखलेल्या ब्रिगेडियरला पट्ट्यानं ओढत आला आणि टॅन्सीसमोर थांबला.

"ती हलली नाही," तो म्हणाला.

"नाही," क्लिफर्ड म्हणाला.

"सगळं रान पेटलं, तरी हलली नाही. माजावर आली की घेऊन ये तिला माझ्याकडे."

क्लिफर्डच्या घशातून आनंदानं बारीकसं "उंईं" निघालं. ब्रिगेडियरचे कान उभे राहिले.

"थेल्मा घेऊन येईल," डग्लस घाईघाईनं म्हणाला. "तू घरीच थांब."