टेम्पोच्या इंजिनाची मोटार

माझं लग्न धारला ठरलं आणि त्याच सुमारास आमच्या जुन्या छोट्या मोटारीचं इंजिन कायमचं गेलं. बाबा देवासच्या एका कारखान्यात फोरमन. मिस्त्रीनं त्यांना दोन इंजिनं दाखवली. एक तसल्याच मोटारीचं, पेट्रोलचं. दुसरं मोडीत निघालेल्या टेम्पोचं, डिझेलचं.

"बाबा, पेट्रोलचंच घ्या," मी म्हटलं. "मोटारीत टेम्पोचं इंजिन? लोक काय म्हणतील!"

"म्हणू देत. पेट्रोल परवडतंय कुणाला? सणासुदीलाच येणं होईल. डिझेलवर कसं, मनात आलं की पोरीकडे!"

झालं, बसलं डिझेल. बोनेट लागेना, तर तेही कापलं. गाडी सुरू झाली की शेजारच्यांची भांडी वाजायची. बाबा मात्र असे खूष, की विचारू नका.

माझं सासर म्हणजे जुनं दरबारी घराणं. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू. पहिल्या दिवाळसणाला जावयाला बसनं कसं न्यायचं, म्हणून बाबा मोटार घेऊन आले. नेमकी त्याच सकाळी बदनावरहून गव्हाची पोती यायची होती. गल्लीत फटफट ऐकू आली तशा सासूबाई म्हणाल्या, "गहू आला वाटतं." गडी आतूनच ओरडला, "भिया, टेम्पो पीछे लगा दो!"

मी माडीवर होते. आवाज ओळखला आणि धावत जिना उतरले. पण गाड्या मागंच लावत असतील असं समजून बाबांनी मुकाट्यानं गाडी वळवलीही होती. नवा कोट, दोन्ही हातांत फराळाचे डबे, आणि माझे बाबा गोठ्याच्या दारातून आत आले. सासूबाई ओशाळल्या. "अगबाई, व्याही! माफ करा हो."

"आवाजच तसा आहे," बाबा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राग काढला तो बाबांवरच. देवासला पोचल्या पोचल्या म्हटलं, "पुन्हा हे धूड माझ्या दारात आणू नका!"

पुढेही बाबा येत राहिले, पण बसनं. "बसमध्ये कसं, आरामात झोप होते," म्हणायचे. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

एकदा वैशाखात सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी ते विसरून गेले. ती घेऊन मी बस स्टँडवर धावले. तिथं ते नव्हतेच. पानवाला म्हणाला, नाक्याकडे चालत गेले. गावाबाहेर चिंचेखाली आमची मोटार उभी होती. घामानं चिंब झालेले बाबा इंजिनात पाणी ओतत होते. मला पाहून चपापले.

"इथून घरापर्यंत आवाज जात नाही ना ग?"

आता गाडी दारात आणा, एवढं म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

"नाही जात," मी म्हटलं. बाबांना केवढं हायसं वाटलं!