अक्कांच्या खोलीवरचा स्लॅब

सिमेंटचं पोतं पाहून ज्याचा जीव कळवळतो असा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा निघाला. दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या खेड्यात सगळे त्यांना आबा म्हणत. नवं घर दाखवलं की माणसं उजेड बघतात, वारा बघतात. आबा त्या घरापायी कुठे काय जळलं असेल ते बघत. सन पंच्याऐंशीच्या सुमारास मी धुळ्याला देवपुरात घर बांधलं. वास्तुशांतीला पाहुणे कौतुक करत होते आणि आबा भिंतीवर तळहात ठेवून उभे. "या भिंतनी कितलं लाकूड खादं?" त्यांनी विचारलं, आणि हिशेबही स्वतःच सांगितला: विटांना दोन बाभळी नि एक निंब, सळईला कोळसा, सिमेंटला आणखी कोळसा, शिवाय डोंगराचा लचका. पान वाढलं तेव्हा कुठे थांबले. जेवले मात्र पोटभर.

गावात कुणाची पडकी भिंत उतरवायला निघाली की आबा बैलगाडी जुंपून हजर. एकदा भाजलेली वीट असताना पुन्हा भट्टी कशाला पेटवायची, हा त्यांचा सवाल. अशीच एक जुनी दाराची चौकट घेऊन ते एसटीत चढले. कंडक्टर अडून बसला, तर त्याला म्हणाले, "हाई मन्हापेक्षा म्हातारी शे, हिले बसू द्या."

त्यांचं स्वतःचं घर धाब्याचं. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर खाऱ्या मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की डोळे निवत. या घरासाठी आपण काडीसुद्धा पेटवली नाही, असं आबा अंगणात खाटेवर बसून आल्यागेल्याला सांगत, आणि त्याच वेळी त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन शिडी चढत असत. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर नवी माती, सणासुदीला भिंतींचं सारवण, सगळं त्यांच्याच अंगावर. एका वर्षी माझ्यादेखत त्या अर्ध्या शिडीवर थांबल्या. कंबर धरून खाली आल्या, घमेलं आबांच्या पायाशी ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बठ्ठा गावना जाळ मोजतस. मन्हा हाडेसना कोन मोजी?"

पावसाळा सरल्यावर आबांनी अर्धं घर उतरवलं, जमवलेल्या विटांची खोली उठवली आणि तिच्यावर अक्कांसाठी स्लॅब टाकला. सिमेंट आलं तेव्हा ते घरामागे जाऊन बसले होते, असं बहीण सांगते. उरलेल्या धाब्यावर ते स्वतः माती चढवू लागले.

वैशाखात तो स्लॅब तव्यासारखा तापे. अक्का कधी कुरकुरल्या नाहीत. स्वतःच्याच तक्रारीतून आलेली गोष्ट, बोलणार कुठल्या तोंडाने? आबांनीही टोमणा मारला नाही. रोज संध्याकाळी ते बादल्या वर नेऊन स्लॅबवर ओतत. मी विचारलं तर दुसरीकडे बघत म्हणाले, "स्लॅबले आजून पानी मारनं पडस." स्लॅब टाकून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

अक्का एका हिवाळ्यात गेल्या. पुढच्या वैशाखात मी गेलो, तर आबा शिडीवर, हातात बादली. खोली आता बंदच असते, बहीण हळूच म्हणाली. मी दुसरी बादली भरून त्यांच्या हातात दिली.