ब्रुनोची सही

एर्विनला ब्रुनोचा हेवा वाटतो, हे रिएका बंदरात सगळ्यांनाच माहीत होतं. ब्रुनो मेल्यावर तो हेवा दुपटीने वाढला, हे मात्र फक्त एर्विनच्या बायकोला, निवेसला, माहीत होतं.

दोघं एकाच गोदीत वीजकामाला होते आणि एकाच बाकावर शेजारी बसायचे. तेव्हा गिटारचा आवाज वाढवणारा परदेशी अँप हवा असेल तर सीमेपलीकडे त्रिएस्तला जाऊन कस्टमवाल्यांच्या नाकाखालून आणावा लागे. ब्रुनोने गावातल्या गिटारवाल्यांना जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह आणि बोटींवरून उतरवलेले ट्रान्सफॉर्मर घेऊन अँप बांधून दिले आणि प्रत्येकाच्या आत, पत्र्यावर, काळ्या पेनाने ऐसपैस सही ठोकली. रिवाजच होता तो. बांधणाऱ्याने मधोमध नाव घालायचं, दुरुस्त करणाऱ्याने खाली कोपऱ्यात, बारीक. त्या अँपना गाव ब्रुनोच म्हणे, आणि गावातल्या एकूण एक ब्रुनोमध्ये एर्विनचंही नाव होतं. खाली, कोपऱ्यात.

कारण ते अँप बिघडायचे. बिघडणारच! ब्रुनोचा डाख म्हणजे कबुतराने शिटल्यासारखे गोळे, आणि तारा बायकोने रागाने फेकलेल्या लोकरीसारख्या. एर्विनचा डाख मात्र मोत्यासारखा, तार आखल्यासारखी सरळ. आणि तरीही ब्रुनोच्या त्या खोक्यातून गिटार अशी बोलायची की ऐकणाऱ्याने हातातला घास खाली ठेवावा. हे एर्विनलाही ऐकू यायचं. खरं दुखणं तेच होतं.

पेन्शन झाल्यावर एर्विनने घराखालच्या गॅरेजात स्वतःचा अँप बांधला. आयुष्यभर दुसऱ्याचे उघडून जे जे कळलं, ते सगळं त्यात ओतलं. झाल्यावर मोरानाला बोलावलं. मोराना म्हणजे गावातली सगळ्यात चांगली गिटारवाली; तिने मान डोलावली की बाकीचे डोळे मिटून डोलावायचे. तिने गिटार जोडली, बराच वेळ वाजवली, आणि मग अँपमधली तार काढून नीट गुंडाळून ठेवली.

"छान आहे, बार्बा," ती म्हणाली. बंदरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बार्बाच म्हणतात. "स्वच्छ आहे एकदम."

"स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे चांगलाच की. पण ब्रुनोच्यात कसं, जीव आहे. आता तसं कोण बांधणार?"

त्या रात्री एर्विन जेवला नाही. निवेसने मक्याचा पोलेंटा आणि तळलेल्या सार्डिन मासळ्या पुढे ठेवल्या, त्या तशाच गार झाल्या.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," तो म्हणाला. "यांना कान नाहीत, निवेस. यांना सही ऐकू येते."

"मग तू तुझी सही मोठी कर."

"नाही. त्याचीच करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने आपलाच अँप उघडला. ट्रान्सफॉर्मर तोच ठेवला, व्हॉल्व्ह तेच, स्पीकर तोच. एका भंगारवाल्याकडून जुनं खोकं आणलं, त्यावर सिगारेटचे डाग होते. तारा काढून जुन्या, पिवळ्या पडलेल्या तारा घातल्या. मग डाख द्यायला बसला, आणि इथे गाडी अडली. हात वाईट काम करेना. गोळा टाकला तरी मोतीच पडायचा. शेवटी डाव्या हाताने काम केलं आणि तिसऱ्या दिवशी कुठे एक सांधा ब्रुनोसारखा गलिच्छ जमला. एर्विनला इतका आनंद झाला की त्याने निवेसला हाक मारून खाली बोलावलं.

निवेसने बघितलं. मग तिला पत्र्यावरची सही दिसली. तोच रुबाब, शेवटच्या अक्षराला तीच शेपटी.

"हे कशाला?"

"ब्रुनोच्या पुण्यतिथीला सगळे जमतात ना? हा वाजवू दे त्यांना. ब्रुनो, ब्रुनो म्हणून गळे काढू दे. मग मी उभा राहीन आणि सांगेन, हा माझा आहे, ज्याला तुम्ही स्वच्छ म्हणून नाकारलंत तो."

"सांग. पण मेलेल्या माणसाची खोटी सही केली आहेस, एर्विन. मला साक्षीला उभी करू नकोस. मी तोंड उघडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"साक्षीची गरजच काय?" एर्विन म्हणाला.

पुण्यतिथीला दुपारी बंदरावरच्या खानावळीत सगळे आपापले ब्रुनो घेऊन आले. एर्विनने आपला अँप टेबलाशेजारी ठेवला. बाकार गावातल्या, बोटीवरून निवृत्त झालेल्या एका आचाऱ्याच्या तळघरात सापडला, अशी थाप मारली. मोरानाने मागचं झाकण काढून आत डोकावलं, सही बघितली आणि क्षणभर त्या पत्र्यावर तळवा ठेवला. मग वाजवायला लागली.

खानावळीतली भांडी वाजायची थांबली. मोरानाने खरंच इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. एर्विन भिंतीला टेकून ऐकत होता, आणि त्याच्या अंगावर काटा आला. माझा आहे हा, माझा. आयुष्यात एवढा सुखी तो कधीच झाला नव्हता, आणि ते सुख त्याला मिनिटभरही लाभलं नाही, कारण वाजवणं संपताच मोराना डोळे पुसत म्हणाली, "हा त्याचा सगळ्यात चांगला. असा माणूस पुन्हा होणे नाही."

एर्विन पुढे झाला. "तो ब्रुनोचा नाही. मी बांधलाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी हसलं.

"बार्बा, वाईनमध्ये सोडा घालत जा थोडा."

"शपथेवर सांगतो. या हातांनी बांधलाय!"

"हो, आणि बंदरही तुम्हीच बांधलंत."

"उघडा," एर्विन ओरडला. "उघडून बघा ना आत!"

त्यांनी उघडला. आत कबुतराच्या विष्ठेसारखे गोळे होते, पिवळ्या तारांचा गुंता होता आणि मधोमध ब्रुनोची ऐसपैस सही होती. सगळ्यांनी एकेक करून बघितली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, इतकं काम चोख झालं होतं.

"ही सही मी केली," एर्विन म्हणाला. त्याच्या स्वतःच्याच कानाला ते पोरकट वाटलं. त्याने निवेसकडे बघितलं. ती टेबलावरच्या ब्रेडचे तुकडे करत होती, करतच राहिली.

"मी दुसरा बांधून दाखवतो! असाच!"

"मग आधी का नाही बांधलात?" मोरानाने विचारलं.

"बांधला होता की! तूच नाकारलास."

"तो वेगळा होता, बार्बा," ती समजुतीने म्हणाली. "तो स्वच्छ होता." मग जवळ येऊन तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस जाऊन एवढी वर्षं झाली. आता तरी सोडा ना. तुम्ही नसतात तर त्याचा एकही अँप आज चालू नसता, हे आम्हाला माहीत नाही का?"

ते प्रेमाने बोललं गेलं, म्हणून जास्तच झोंबलं. खोट्या सहीने त्याने स्वतःच्याच तोंडाला कुलूप घातलं होतं. अँप सगळ्यांनी वर्गणी काढून मोरानाला दिला. पैसे त्यांनी एर्विनच्या खिशात कोंबले, आचाऱ्याला द्यायला.

हिवाळ्यात मोराना तो अँप घेऊन गॅरेजात आली. आवाज मध्येच तुटत होता. एर्विनने झाकण काढलं आणि त्याला लगेच कळलं. डाव्या हाताने दिलेला तोच सांधा, ज्याच्यासाठी त्याने निवेसला हाक मारली होती, सुटला होता.

"जपून हं, बार्बा," समोरच्या स्टुलावर बसून मोराना म्हणाली. "लागेल तेवढंच काढा. त्याच्या हातचं जेवढं राहील तेवढं राहू द्या."

त्याने तो एक सांधा वितळवला आणि उजव्या हाताने नवा डाख दिला. तो मोत्यासारखा पडला. मोरानाने गिटार जोडून वाजवून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

"आता सही करा," ती म्हणाली. "यात तुमची नव्हती ना, मला सारखं चुकल्यासारखं वाटायचं. खाली करा, नेहमीसारखी. ब्रुनोच्या नावाला धक्का लावू नका."

एर्विनने खणातून काळं पेन काढलं. एकच पेन होतं त्याच्याकडे. पत्र्यावर मधोमध त्याच्याच हातची अक्षरं हातपाय पसरून बसली होती, आणि मेल्यावरही ब्रुनोलाच सगळी जागा मिळाली म्हणून एर्विनचा पुन्हा एकदा जळफळाट झाला. मग तो खाली वाकला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याने लिहिलं, "दुरुस्ती: एर्विन."