कधीच न उडालेला फ्यूज

आमच्या आत्याच्या दुकानात कुणी नुसतं “एक फ्यूज द्या” म्हटलं, की त्याची खैर नसे. “जुना दाखवा,” एवढंच ती म्हणायची. गल्लीत तिचं नावच ‘जुना-दाखवा’ पडलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं.

जुना फ्यूज ती उजेडाकडे धरी. काचेच्या नळीतली तार नुसती मधोमध तुटली असेल, तर “बिचाऱ्यावर भार फार घातलात.” काच आतून काळी पडली असेल, तर “कुठंतरी शॉर्ट आहे. आधी तो शोधा, मग या.” गाडीचा प्लॅस्टिकचा फ्यूज ती रंगावरून ओळखी, पाण्याच्या पंपाचा, पोटात वाळू भरलेला, वजनावरून. पण घरचा, तार बांधायचा चिनी मातीचा फ्यूज आला की तिचा आवाज चढे. “जाड तार घालायची नाही हं! तो जळतो म्हणून घर वाचतं.”

कारण सगळ्यांना माहीत होतं. आतोबा छापखान्यात वायरमन होते. तिथं फ्यूज सारखा उडायचा म्हणून कुणीतरी जाड तार घातली आणि वायरिंग पेटलं. मेन स्विच बंद करायला आतोबा आत गेले, ते गेलेच. ‘कुणीतरी’ म्हणजे त्यांचा कामावरचा जोडीदार, हे आत्याने तेव्हाच ठरवून टाकलं. “ह्यांनी असलं काम केलंच नसतं,” असं ती चारचौघांत त्याच्या तोंडावर म्हणाली. त्याने मान खाली घातली. गप्प बसला म्हणजे कबूल केलं, असं लोकांनी धरलं. पुढे त्याला विजेचं काम कुणी दिलं नाही. तो सायकलींची पंक्चरं काढू लागला, आणि त्याचं दुकान आलं की आत्या रस्ता ओलांडायची. मला ते रास्तच वाटायचं.

परवा एक म्हातारे गिऱ्हाईक चिनी मातीचा फ्यूज घेऊन आले. घराचं वायरिंग नवीन करत होते. कौतुकाने म्हणाले, “तुमच्या यजमानांनी बसवलेला हो! इतक्या वर्षांत एकदा उडाला असेल तर शपथ.”

आत तांब्याची जाडजूड तार होती. उडणार कसा, कपाळ! आत्या मात्र स्क्रूकडे बघत राहिली. तारेचा वेढा उलटा होता, शेपूट आत दुमडलेलं. आतोबा डावखुरे. असा वेढा त्यांच्याशिवाय कुणी घेत नसे.

दुकान उघडं टाकून ती निघाली. मी मागोमाग. पंक्चरवाला हात पुसत उठला. “वहिनी, तुम्ही?”

तिने फ्यूज त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने वेढ्यावरून अंगठा फिरवला आणि ओळखलं.

“छापखान्यातही ह्यांनीच?”

“छपाई खोळंबली होती, मालक ओरडत होते. संध्याकाळी बदलू म्हणाला.”

“मग बोलला का नाहीत, भाऊजी?”

“तो तर गेलाच होता. तुमच्याकडे त्याचं चांगलं नाव तेवढं उरलं होतं. तेही कसं काढून घेऊ?”

आत्या तिथंच ट्यूबच्या ढिगाशेजारी बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मलाही आवरेना. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “उद्यापासून दुकानात या. हे काम तुमचंच होतं.”

त्याने दोन्ही हात पुढे धरले. “आता कापतात, वहिनी. बारीक तार धरवत नाही.”